आज शेठ कुठे?

अधिराज वाळिंबे अंथरुणाला खिळून आहेत, त्यांना कोर्टात आणणं त्यांच्या जिवावर बेतेल, असं त्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा एकदा लिहून दिलं. त्याच दुपारी ऋजुता घाटोळेनं त्यांचं विमान नागपूरवरून जाताना पकडलं.

ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत डबा खात होती. फोनवर तिची धाकटी बहीण केतकी होती. समोरच्या पडद्यावर एक बारीक नक्षी उमटली, थरथरली आणि तिच्या शेजारी नाव आलं. ऋजुतानं घास तसाच डब्यात ठेवला.

"काय झालं गं?" केतकीनं विचारलं.

"शेठ निघाले. वायव्येला चाललेत."

"तो आजारी आहे ना?"

"फार आजारी आहे. ताशी आठशे किलोमीटरनं आजारी आहे."

केतकी हसली. ती हल्ली क्वचितच हसायची, म्हणून ऋजुताला बरं वाटलं.

वाळिंबेंच्या कंपनीचा राखेचा बंधारा चंद्रपूरकडच्या खैरवाही गावावर फुटला, त्याला तोवर दोन पावसाळे उलटले होते. वीज केंद्रातली ओली राख पहाटे घराघरांत शिरली आणि सिमेंटसारखी घट्ट बसली. माणसं खोदून काढावी लागली. बंधारा गळतोय हे कंपनीला आधीपासून माहीत होतं, असा आरोप होता. खटला उभा राहिला, पण मुख्य आरोपी कधी उभा राहिला नाही. दर तारखेला त्याचा वकील यायचा आणि आजारपणाचा कागद द्यायचा. दर तारखेला खैरवाहीची सुमन आत्राम एसटीनं यायची आणि मागच्या बाकावर बसून परत जायची. तिचे दोन मुलगे राखेत गेले होते.

श्रीमंतांची विमानं शोधणं पूर्वी सोपं होतं. प्रत्येक विमान उडताना आपला क्रमांक, उंची आणि वेग हवेत सतत सांगत असतं, म्हणजे दुसरं विमान त्याच्यावर येऊन आदळत नाही. गच्चीवर साधा अँटेना लावून कुणीही ते ऐकू शके. हौशी लोक ऐकायचे आणि सोशल मीडियावर टाकायचे की अमक्याचं विमान आज अमक्या गावी उतरलं. मग नवा कायदा झाला. खासगी विमानाला दर उड्डाणाला नवा, तात्पुरता क्रमांक मिळू लागला. आकाशात विमानं दिसायची, पण कुणाचं कुठलं ते कळायचं बंद झालं.

ऋजुतानं क्रमांकाचा नादच सोडून दिला. ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिच्या लक्षात आलं की आकाश आता कधीच रिकामं नसतं. खालून मोबाईलच्या टॉवरच्या लहरी वर जातात, वरून उपग्रहांच्या इंटरनेटच्या लहरी खाली येतात. विमान त्यातून जातं तेव्हा काही लहरी त्याच्यावर आपटून परत फिरतात. जेट इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. त्याचं एकेक पातं ती लहर कापतं, आणि परत येणारी लहर त्या फिरण्याचा ठेका घेऊन येते. आता कुठलंही इंजिन दुसऱ्यासारखं तंतोतंत नसतं. एखाद्या पात्याला पक्षी आपटून पोचा आलेला असतो, एखादं बदललेलं असतं, एखादं केसभर झिजलेलं. दोन तबलजी एकच ताल वाजवतात, तरी जाणकाराला कुणाचा हात आहे ते कळतं, तसंच हे. एकदा का एखादं विमान कुणाचं ते विमानतळावर डोळ्यांनी पाहून त्याचा ठेका नोंदवला, की त्याचं नाव बदलो, क्रमांक बदलो, रंग बदलो, ते ओळखू येणारच.

तिनं छोट्या डबीएवढं यंत्र बनवलं आणि त्याला 'कान' नाव दिलं. विद्यार्थ्यांनी ते आपापल्या गच्च्यांवर बसवलं, मग त्यांच्या नातेवाइकांनी, मग अनोळखी लोकांनी. वर्षभरात विदर्भापासून राजस्थानपर्यंत कान पसरले. ती जे ऐकायची ते एका अकाऊंटवर टाकायची. अकाऊंटचं नाव होतं 'आज शेठ कुठे?'

त्या दुपारी तिनं लिहिलं, "आजारी शेठ उदयपूरला उतरताहेत. कुणी आहे का तिकडे?"

तिकडे मांडवाला फुलं लावणारा एक माणूस होता. संध्याकाळी त्यानं व्हिडिओ पाठवला. कुणाच्या तरी लग्नाच्या संगीतात अधिराज वाळिंबे डोक्यावर फेटा बांधून ढोलाच्या तालावर नाचत होते. चांगले नाचत होते.

वाळिंबेंचा जामीन रद्द झाला. पोलिसांनी त्यांना विमानतळावरच ताब्यात घेतलं. कोर्टाच्या आवारात सुमननं ऋजुताचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मॅडम, तो नाचून रायला होता, आन् आमी देवाले म्हनत होतो, याले बरं कर बाप्पा, निदान कोर्टात तरी येईन."

*

त्यानंतरचे काही महिने ऋजुताच्या आयुष्यातले सगळ्यात मोठे होते. अकाऊंटवर लाखो लोक आले. तिनं आणखी विमानं धरली. एका मंत्र्याचा जावई, एक सिमेंटवाला, दोन बिल्डर. वाळिंबे आत होते तरी त्यांचं विमान उडत होतं, तेही ती टाकायची. ते काही आठवड्यांच्या अंतरानं बँकॉकला जायचं. त्यात वाळिंबेंची सून असते हे लोकांनी शोधून काढलं, मग ती कुठल्या दवाखान्यात जाते हेही शोधलं. तिच्या पोटात मूल टिकत नव्हतं. खाली लोकांनी जे लिहिलं ते ऋजुतानं सगळं वाचलं. राख खाल्ली, आता वांझ राहा, असं एकानं लिहिलं होतं आणि त्याला हजारोंनी दाद दिली होती. ऋजुतानं ते काढून टाकलं नाही.

केतकी म्हणाली, "ताई, त्या बाईनं काय केलंय?"

"मी फक्त विमान सांगते. लोक काय लिहितात ते माझ्या हातात नाही."

"काढता येतं ना ते?"

"येतं," ऋजुता म्हणाली आणि विषय बदलला.

तिनं आपला सगळा प्रोग्रॅमही सर्वांसाठी खुला करून टाकला होता. ज्याला हवा त्यानं घ्यावा, वापरावा, सुधारावा. दुसऱ्याचं लपवलेलं आपण उघडं करतो, मग आपलं कशाला लपवायचं, असं ती मुलाखतीत म्हणायची. टाळ्या पडायच्या.

मग बाजारात 'सोबत' आलं. तेही वाळिंबेंच्याच एका कंपनीचं होतं. घरात लावायचा इंटरनेटचा साधा राउटर, फुकट. हरवलेलं मूल, वाट चुकलेले म्हातारे आईवडील शोधून देण्यासाठी, अशी जाहिरात होती. आत ऋजुताचाच प्रोग्रॅम होता, पंख्याच्या जागी फक्त माणूस आला होता. घरातल्या, रस्त्यावरच्या लहरी चालत्या माणसावर आपटून परत येतात. पाय पुढे जातात, हात झुलतात, कंबर हलते, आणि त्या सगळ्याचा मिळून एक ठेका होतो. कुणाचाही ठेका दुसऱ्यासारखा नसतो. माणसाचा चालतानाचा एक छोटा व्हिडिओ दिला की यंत्र त्यावरून त्याचा ठेका काढायचं, आणि जिथे जिथे राउटर होते तिथे तिथे त्याला ओळखायचं. खिशात फोन असायची गरज नव्हती. चेहरा झाकून उपयोग नव्हता.

'सोबत' सुरू झालं त्याच आठवड्यात एक नवं अकाऊंट आलं, 'आज मॅडम कुठे?'

"मॅडम दहा वाजता कॉलेजात पोचल्या, उशिरा." "मॅडम धरमपेठेत, समोसे." "मॅडम दंतवैद्याकडे." ऋजुताला पहिल्यांदा हसू आलं. मुलाखतींचे तिचे शेकडो व्हिडिओ नेटवर होते, त्या प्रत्येकात ती स्टेजवर चालत यायची. स्टाफरूममध्ये लोक गंमत करू लागले. मग गंमत कमी झाली. ती स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेली, तेही आलं. ती एका सहकाऱ्याबरोबर दोनदा जेवायला गेली, तेही आलं, आणि त्याच्या बायकोनं तिला फोन करून नाही नाही ते सुनावलं. खाली लोकांनी लिहिलेलं तिनं वाचायचं सोडून दिलं. ती पोलिसांत गेली. निरीक्षक सभ्य होता. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही रस्त्यावरून चालता, रस्ता सार्वजनिक आहे. तुम्हीच टीव्हीवर म्हणाला होता ना, आकाश सार्वजनिक आहे म्हणून?"

एका शनिवारी तिनं अकाऊंट उघडलं.

"मॅडम महिन्यातून दोनदा अमरावतीला जातात. कुणाकडे बरं?"

*

अमरावतीला केतकी राहत होती. तिथे तिला सगळे माधवी म्हणत. ती एका बालवाडीत मुलांना गाणी शिकवायची.

तिचा नवरा तुषार वैरागडे यवतमाळचा, शेतीच्या औजारांचं दुकान असलेला, गोड बोलणारा माणूस होता. ऋजुताला तो 'ताईसाहेब' म्हणायचा. लग्नाला चार वर्षं झाल्यावर त्यानं गॅसचा भरलेला सिलिंडर केतकीच्या पायावर सोडला. कारण ती न सांगता माहेरी गेली होती. कोर्टात त्यानं सिलिंडर हातातून सटकल्याचं सांगितलं. घोटा वाकडा जुळला. केतकी चालताना उजवा पाय किंचित बाहेर फेकायची आणि मागून ओढून घ्यायची. तिनं घर सोडलं तेव्हा तो तिला म्हणाला होता, "जा. मी शोधतो." तो ओरडून बोलला नव्हता. म्हणूनच केतकीला त्या वाक्याची जास्त भीती वाटायची.

ऋजुतानं अमरावतीला जाणं बंद केलं. ती फक्त फोनवर बोलू लागली.

"घराबाहेर पडू नकोस."

"बालवाडीत कोण जाईल? आणि किती दिवस पडू नको?"

"मी काहीतरी करते."

"तूच तर केलंस," केतकी म्हणाली. मग लगेच म्हणाली, "तसं नव्हतं म्हणायचं मला, ताई."

वाळिंबेंच्या वकील नीलिमा पारसनीस कॉलेजात स्वतः भेटायला आल्या. सुती साडी, पांढरे केस, आवाज मऊ. प्राचार्यांनी त्यांना आपली केबिन दिली आणि स्वतः बाहेर जाऊन बसले.

"जामिनाचं अपील वरच्या कोर्टात आहे," पारसनीस म्हणाल्या. "आमचं म्हणणं साधं आहे. तुमची पद्धत म्हणजे अंदाज आहे. त्या अंदाजावर लोक जमले, गर्दी झाली, एक व्हिडिओ आला. तो खरा कशावरून? हल्ली कुणालाही नाचवता येतं. फुलवाला आता साक्षीला यायला तयार नाही. तेव्हा सगळं तुमच्या पद्धतीवर येऊन थांबतं. तुम्ही शपथेवर म्हणालात की ती खात्रीची नाही, तर विषय संपतो."

"ती खात्रीची आहे. तुमचं 'सोबत' तिच्यावरच चालतं."

"सोबत सेवा आहे, पुरावा नव्हे. अटींमध्ये लिहिलंय तसं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तुमच्या बहिणीचं चालणं फार वेगळं आहे, नाही? सिस्टीमला असं चालणं लगेच सापडतं. तिच्या मिस्टरांनी व्हिडिओ देऊन अर्ज केलाय. हरवलेली पत्नी म्हणून. आम्ही अजून तो बाजूला ठेवलाय."

पारसनीसांनी एक कागद टेबलावरून पुढे सरकवला.

"तुम्ही सही केलीत तर तुम्ही दोघी आमच्या सिस्टीममधून कायमच्या बाहेर. शेठ शब्द पाळतात."

"ही धमकी आहे."

"शेठच्या सुनेचा तिसरा गर्भ पडला तेव्हा ती विमानात होती," पारसनीस त्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "उतरल्यावर तिनं फोन उघडला. तुमचं अकाऊंट वाचलं. ती धमकी नव्हती. ते काय होतं?"

*

"सही कर," केतकी म्हणाली.

"केतकी, सुमनताईंची दोन मुलं..."

"मला माहितीये."

"तो सुटेल. पुन्हा कधी सापडणार नाही. एवढ्या लोकांनी..."

"ताई, मला मोठ्या गोष्टी सांगू नकोस. मला जगायचंय." केतकी म्हणाली. "मी रोज दार उघडताना आधी खालच्या फटीतून बूट दिसतात का बघते. तू सही कर. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

ऋजुतानं सही केली. माझी पद्धत म्हणजे केवळ तर्क आहे, तीवरून कोणतंही विमान वा व्यक्ती खात्रीनं ओळखता येत नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, असं तिनं शपथेवर लिहून दिलं. अकाऊंट बंद केलं. वाळिंबे सुटले. ते बाहेर आल्यावर बंधाऱ्याच्या गळतीचे साक्षीदार एकेक करून फिरले. काही महिन्यांनी खालच्या कोर्टानं पुराव्याअभावी खटलाही निकाली काढला. 'आज मॅडम कुठे?' तर तिनं सही केली त्याच दिवशी बंद पडलं होतं. शेठनी शब्द पाळला.

सुमन आत्राम नागपूरला तिच्या घरी आली. आत आली नाही. दारातच उभी राहिली. ऋजुतानं तिला सगळं सांगितलं, बहिणीचं, सिलिंडरचं, वकिलाचं. काही लपवलं नाही. सुमननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमची बहीन हाये," ती म्हणाली. "माहे पोट्टे होते."

आणि ती जिना उतरून गेली.

*

तुषारचा 'सोबत'कडचा अर्ज तसाच पडून राहिला. त्याला गरज पडली नाही.

ऋजुताचा मूळ प्रोग्रॅम नेटवर होता, तिनंच ठेवला होता. कुणीतरी तो विमानांऐवजी माणसांसाठी बदलून तसाच खुला ठेवला होता. आणि गच्च्यांवर तिचे कान अजून होते. लोक ते काढायचे विसरले होते. अमरावतीत ते बरेच होते. विदर्भातल्या कॉलेजांत हिंडून तिनं स्वतः वाटले होते. त्यांना जे ऐकू येई ते कुणालाही नेटवर बघता येई, तसंच तिनं ठरवलं होतं. तुषारच्या दुकानात कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस होता. तुषारनं त्याला कोर्टातून बाहेर पडणाऱ्या केतकीचा व्हिडिओ दिला. उजवा पाय बाहेर फेकून ओढत ती पायऱ्या उतरत होती.

सकाळची वेळ होती. केतकी भाजी घ्यायला बाजारात गेली होती. नारळाच्या गाडीपाशी तुषार समोर आला. लोकांनी सांगितलं की त्यानं तिला आधी नमस्कार केला. ती पळाली, पण तिला पळता येत नव्हतं. त्यानं गाडीवरचा कोयता उचलला.

ऋजुता अमरावतीला पोचली तेव्हा बालवाडीच्या बाई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून रडत होत्या. त्या म्हणाल्या, "माधवी फार गोड गायची हो." कुणाबद्दल बोलताहेत हे ऋजुताला क्षणभर कळलं नाही.

खटला उभा राहिला. वैरागडेच्या वकिलाचं म्हणणं असं की हा ठरवून केलेला खून नव्हे. तो औजारांच्या कामासाठी अमरावतीत आला होता. बायको अचानक समोर दिसली, इतक्या दिवसांचा अपमान उफाळून आला, हाताला लागलं ते उचललं. तो शोधत आला असता तर हत्यार घेऊन आला असता. त्याच्या फोनमधलं सगळं पुसलेलं होतं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर फक्त ऋजुताचा प्रोग्रॅम सापडला. कॉम्प्युटरवाला माणूस म्हणाला, मला काही आठवत नाही.

सरकारी वकिलांनी ऋजुताला पिंजऱ्यात उभं केलं.

"या प्रोग्रॅमनं एखाद्या व्यक्तीला शोधता येतं का?"

"येतं."

"मृताला शोधता आलं असतं?"

"सगळ्यात आधी तिला," ऋजुता म्हणाली. "तिचा पाय असा होता की शंभर माणसांतून ती पहिली सापडली असती."

आरोपीचा वकील उठला. तो तरुण होता आणि त्याला घाई नव्हती. त्यानं तिचं शपथपत्र वाचून दाखवलं. मग विचारलं, "ही तुमची सही?"

"हो."

"कोणतीही व्यक्ती खात्रीनं ओळखता येत नाही, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"ते खोटं होतं. मी खोटं लिहून दिलं."

"शपथेवर?"

"हो."

"आणि आज जे सांगताय तेही शपथेवर. बाई, तुमची कुठली शपथ धरायची ते कोर्टाला सांगाल का?"

ऋजुता न्यायाधीशांकडे वळली. तिनं वाळिंबेंचं, पारसनीसबाईंचं, केतकीच्या फोनचं सगळं सांगायला सुरुवात केली. वकिलानं हरकत घेतली, या खटल्याशी त्याचा संबंध नाही. हरकत मान्य झाली. आरोपीच्या पिंजऱ्यातून तुषार तिच्याकडे बघत होता. त्यानं मान किंचित झुकवली, ताईसाहेब म्हणताना झुकवायचा तशी.

स्वतःच खोटारडेपणा कबूल करणाऱ्या साक्षीदाराच्या भरवशावर खुनाचा कट मानता येणार नाही, असं निकालात लिहिलं होतं. रागाच्या भरात घडलेला मनुष्यवध. जन्मठेप टळली. थोड्या वर्षांत तो बाहेर येणार होता. खोटी शपथ घेतल्याबद्दल ऋजुतावर कारवाईची नोटीस निघाली. कॉलेजनं तिला घरी बसवलं.

*

नोटीस हातात पडली तेव्हा तिला एकच गोष्ट सुचली. आपण भर कोर्टात कबूल केलंय की पहिलं शपथपत्र खोटं होतं. म्हणजे वाळिंबेंना सोडलं त्याचा पायाच गेला. कुणा पीडितानं अर्ज केला तर खटला पुन्हा उघडू शकतो. तिनं एका ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, कठीण आहे, पण होऊ शकतं. कारवाई होऊन ती आत गेली तरी तिची कबुली नोंदीवर राहणार होती. निदान तेवढी ती उपयोगी पडली असती.

ती खैरवाहीला गेली.

गाव ओळखू येत नव्हतं. राखेची जागा सपाट करून तिच्यावर झाडं लावली होती. टेकडीच्या बाजूला एका रांगेत पक्की घरं होती, फिक्या निळ्या रंगाची, वाळिंबेंच्या ट्रस्टनं बांधून दिलेली. प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर 'सोबत'ची पांढरी डबी होती.

सुमननं तिला आत घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. केतकीचं तिला कळलं होतं.

"वाईट झालं," ती म्हणाली. खरंच वाईट वाटल्यासारखी म्हणाली.

ऋजुतानं कशासाठी आले ते सांगितलं. अर्ज तयार होता, फक्त सुमनची सही हवी होती. ती भरभर बोलत होती. या वेळी मी मागे हटणार नाही, म्हणाली. माझ्याकडे आता गमवायला कुणी उरलं नाही, म्हणाली.

सुमननं पदराचा काठ बोटाला गुंडाळला.

"मागच्या महिन्यात शेठ आला होता," ती म्हणाली. "गाडीनं. शाळेच्या हॉलचं उद्घाटन होतं. आमी खुर्ची टाकून दिली त्याले. माह्या पाया पडला. सगळ्यायच्या समोर."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनू?" तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. "माही पोरगी पूनम वाचली ना. त्या रात्री माह्या बहिनीकडं होती म्हनून. ती आता कंपनीच्या दवाखान्यात नर्स हाये. सकाळी इथून निघते, तर त्यायले मालूम. दवाखान्यात पोचली, मालूम. बाजारात गेली, कोनाशी बोलली, किती वेळ थांबली, सगळं मालूम. कोनी काई म्हनत नाई. फक्त कधी कधी साहेब हसून इचारते, काल उशीर झाला वाटते पूनमले?"

"सुमनताई, त्याचसाठी तर..."

"तुमी आत आल्या तेबी मालूम झालं असन."

बाहेर कुणीतरी मोटरसायकल उभी केली. इंजिन बंद झालं. कुणी हाक मारली नाही, कुणी दार वाजवलं नाही. ऋजुता अर्ज हातात धरून बसली होती. तिला पुष्कळ बोलता आलं असतं. त्या दोन मुलांबद्दल, गावाबद्दल, न्यायाबद्दल. ते सगळं तिनं एकदा केतकीला फोनवर सांगितलं होतं आणि केतकीनं काय उत्तर दिलं होतं ते ती विसरली नव्हती.

"माही एकच उरली हाये, मॅडम," सुमन म्हणाली.

ऋजुतानं अर्जाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

ती उठली. सुमनही उठली आणि सवयीनं तिच्यासोबत दाराकडे निघाली. मग भिंतीकडे, बाहेरच्या डबीच्या बाजूला पाहून ती उंबरठ्याच्या आतच थांबली.

"तुमी व्हा पुढं," ती हळूच म्हणाली. "सोबत चाललेलं दिसते त्यायले."